हत्ती ड पाच

मला हरायला आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सांडूची गोष्ट सांगताना स्वतःला शहाणा दाखवायचा मोह मला होणार, आणि तसं दाखवायला माझ्याकडे तोंड उरलेलं नाही.

मुकुंदवाडीहून वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सांडू हिवराळे आणि मी सव्वीस वर्षं शेजारी बसलो. तो टूल रूमला, मी प्रेस शॉपला. कंपनीत दिवसभर एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, पण जातानाचा पाऊण तास आणि येतानाचा पाऊण तास आमचा. शेवटून दुसरं बाकडं, आणि मांडीवर लोहचुंबकाच्या सोंगट्यांचा, बुद्धिबळाचा घडीचा पट. क्रांती चौकात आमचा ड्रायव्हर कडुबा बस अशी काही वळवायचा की शेजारची माणसं अंगावर यायची, पण सोंगट्या जागच्या हलायच्या नाहीत.

वाळूजचं फाटक येईपर्यंत डाव संपला नाही, तर सांडू खिशातून वही काढायचा. चौसष्ट घरं आखायची, कुठल्या घरात कोण उभं आहे ते एकेका अक्षरात लिहायचं, काळ्या सोंगट्यांभोवती गोल काढायचा, आणि खाली तारीख घालून लिहायचं, 'मुंजाबाची पाळी'. मुंजाबा म्हणजे मी. दुपारी सुटलो की त्या चित्रावरून पट मांडायचा आणि डाव पुढे चालू. दहातले आठ डाव तो जिंकायचा. उरलेल्या दोनांतला एक बरोबरीत सुटायचा. राहिलेल्या एकावर मी आठवडा काढायचो.

सांडू मूळचा फुलंब्रीकडचा. बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचा. पोरगं हुशार म्हणून शहरातल्या वसतिगृहात आलं आणि तिथे त्याला बुद्धिबळ भेटलं. तिथल्या पटात एक काळा हत्ती हरवलेला होता, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ उभं करायचे. सांडू सांगायचा की नवीन आलेल्या पोराला नेहमी काळेच देत, त्यामुळे पहिली दोन वर्षं त्यानं रिळावरच काढली. मग दहावी, आयटीआय, वाळूजची नोकरी, गोजरबाईशी लग्न, आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्या. एक मुलगी, सुलेखा, ती लग्न होऊन जालन्याला गेली. असं चार ओळींत बसणारं आयुष्य. पण त्यात एक दिवस असा होता की त्याची एक अख्खी वही झाली असती.

नव्याण्णव साली आपल्या शहरात एक ग्रँडमास्टर आले होते. एका मंगल कार्यालयात एकाच वेळी तीस जणांशी खेळणार होते. टेबलं आमच्या कंपनीनं दिली होती आणि ती टेम्पोतून उतरवायला जे चार कामगार पाठवले, त्यात सांडू होता. तिसाव्या टेबलावरचा कुणी बँकेतला साहेब आलाच नाही. खुर्ची रिकामी दिसायला नको म्हणून संयोजकानं सांडूला विचारलं, "येतं का रे तुला? बस मग." आणि हा कंपनीच्या निळ्या कपड्यांत, हाताला टेबलांची धूळ, तसाच बसला.

तेविसाव्या चालीला सांडूनं आपला हत्ती ड पाच या घरात, म्हणजे चौथ्या उभ्या रांगेतल्या पाचव्या घरात, नेऊन ठेवला. समोर पांढऱ्याचं प्यादं टपूनच बसलेलं. हत्ती मरणार, हे शाळेतल्या पोरालाही दिसावं. ग्रँडमास्टर फिरत फिरत आले, प्याद्याला हात लावायला गेले आणि हात मागे घेतला. मग त्यांनी खुर्ची मागवली. एकोणतीस जणांपुढे उभ्या उभ्या खेळलेला माणूस तिसाव्यापुढे खाली बसला. बऱ्याच वेळानं ते हिंदीत म्हणाले, "आज तीस पटांवर एवढी एकच चाल झाली, जी मला दिसली नव्हती. सगळ्यात चांगली चाल."

पुढे सांडू हरला. टेबलं उचलायची वेळ झाली, टेम्पोवाला थांबेना, सुपरवायझर मागे येऊन घसा खाकरायला लागला. याच्या हाताला घाई झाली आणि घोडा गेला. पण त्या हरण्याचं त्याला काहीच नव्हतं. तो सांगायचा ते वेगळंच.

"साहेबांनी माझं नाव इचारलं नाय, गाव इचारलं नाय, आडनाव तर नायच नाय. नुस्ता पट बघितला आन् बोलले."

मला हे बरीच वर्षं कळलं नाही. आम्ही मेंढरांमागची माणसं, गरिबी आम्हालाही होती, पण भाड्याची खोली बघायला गेलो तर आडनाव सांगितल्यावर घरमालकाचं तोंड बदललं, असं माझ्या बाबतीत कधी झालं नाही. सांडूच्या बाबतीत चारदा झालं होतं. त्यामुळे आपल्याला न ओळखणारा एक मोठा माणूस आपण केलेलं काम बघून खाली बसतो, याची किंमत त्यालाच ठाऊक होती. मी आपला म्हणायचो, "पुरे रे तुझं हत्तीपुराण."

मग मोबाईल आले आणि आमच्या बाकड्यावर भांडण आलं. माझी मुलगी ज्ञानेश्वरी पुण्याला इंजिनिअर. तिनं माझ्या फोनवर मोठ्या स्पर्धांचे डाव दाखवणारं ॲप टाकून दिलं. डावाच्या बाजूला एक पट्टी असते, संगणकाला पांढरा बरा वाटला की ती वर जाते, काळा बरा वाटला की खाली येते. एखादा ग्रँडमास्टर बोलत असतो, वा, काय धाडसी चाल, आणि त्याच वेळी पट्टी धाडकन पडते. मला त्या पट्टीचं वेड लागलं. सांडूला ती डोळ्यांसमोर नको वाटायची.

"पट्टी पडली म्हणून चाल वाईट व्हत नाय," तो म्हणायचा. "समोरच्याला उत्तर घावलं का? नाय घावलं. मग?"

"उत्तर व्हतं ना पण!"

"व्हतं की. पण कुनासाठी? मशीनसाठी. मशीन चाल बघतं मुंजाबा, चालणारा कोन हाय ते बघत नाय."

"म्हणून तर ते खरं बोलतं. तुझ्या ग्रँडमास्टरचं नुसतं पोट बिघडलं तरी त्याला वजीर दिसायचा नाय. मशीनला पोटच नाय."

"रपोट मशीन देतं, व्हय. पण घाबरायचं का नाय ते डॉक्टरच सांगतो ना?"

बस हसायची. यात निम्मे त्याच्या बाजूचे, निम्मे माझ्या. कडुबा आरशातून बघत विचारायचा, आज कोण वर आहे, मशीन का माणूस? वाद माझ्या बाजूला कधी झुकलाच नाही, कारण सांडू आवाज चढवायचा नाही आणि मी चढवायचो. आवाज चढवणारा हरतो, हे बसमधल्या सगळ्यांना माहीत असतं. पटावरही हरायचं आणि तोंडानंही हरायचं. माझ्या आत काहीतरी साठत गेलं होतं, आज कबूल करतो.

गेल्या वर्षी जानेवारीत, त्याच्या निवृत्तीला चार महिने राहिलेले, सांडूनं बसमध्ये ती जुनी वही काढली. नव्याण्णव सालचं पान. पटाचं चित्र, काळ्यांभोवती गोल, आणि खाली त्याच्या अक्षरात चाल: 'हत्ती ड५'.

"तुझ्या लेकीला धाड हे," तो म्हणाला. "म्हणावं, एवढी एक चाल मशीनला इचार. फकस्त माझं नाव सांगू नको म्हणावं."

मी हसलो. "मशीन नाव इचारत नाय रे येड्या."

"म्हणूनच," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत हळू बोलला, "साहेब खरं बोलले का निळ्या कपड्यातला गडी बघून बरं वाटावं म्हणून बोलले, एवढंच बघायचंय. इतकी वर्सं इचारायचं धाडस झालं नाय. आता रिटायर व्हतोय."

माणसाच्या बाजूनं दहा वर्षं भांडलेला माणूस शेवटी मशीनकडे न्याय मागत होता. मित्र असतो तर माझ्या मनात काहीतरी हललं असतं. मला फक्त एवढंच दिसलं की आता निकाल लागणार. मी पानाचा फोटो काढला आणि ज्ञानेश्वरीला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर, नगर नाक्याच्या जरा अलीकडे, तिचा निरोप आला. "बाबा, सांडूकाकांना सांगू नका. मोठी चूक आहे. हत्ती फुकट जातो."

सांगू नका, असं तिनं पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं. मी ते वाक्य वगळून बाकीचं मोठ्यानं वाचलं. उभा राहून वाचलं, मागच्या बाकड्यांना ऐकू जावं म्हणून. "ऐका हो! ग्रँडमास्टरचा निकाल लागला! हत्ती फुकट!" बसमध्ये हशा पिकला. कुणी तरी शिट्टी मारली. कडुबानं हॉर्न वाजवला.

सांडू हसला नाही आणि रागावलाही नाही. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला. हशा ओसरल्यावर त्यानं मला एवढंच विचारलं, "नीट मांडलं व्हतं ना रे पटावर?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरली असती. फोन लावायचा, पोरीला म्हणायचं, वाच बरं काय मांडलंस ते. पण माझं डोकं फिरलं. जिंकलेला डाव कुणी परत मांडा म्हणतं का? मी म्हणालो, "इंजिनेर हाय माझी लेक. तुझ्यासारखी रिळावर नाय शिकलेली."

"मग बरोबर असंल," सांडू म्हणाला.

त्या दिवसानंतर पट त्याच्या पिशवीतून बाहेर आला नाही. डोळ्यांना त्रास होतो म्हणाला. तो खिडकीकडे सरकला आणि मी वाटेकडे. बोलायचा, हो, पावसापाण्याचं, युनियनचं, सुलेखाच्या बाळंतपणाचं. माझ्यावर एका शब्दानं राग काढला नाही. मी मात्र माघारी लोकांना सांगत फिरलो की बघा, हरला की रुसला. सव्वीस वर्षं मी हरत होतो तेव्हा कधी रुसलो का? असं म्हणायचो आणि मनातून खूश व्हायचो. मे महिन्यात तो निवृत्त झाला. कंपनीनं शाल दिली, घड्याळ दिलं. बसमध्ये आम्ही पेढे वाटले.

जुलैत कळलं की सांडूला घाटीत, सरकारी दवाखान्यात, भरती केलंय. पोटाचं दुखणं, आधीच लांबलेलं. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं माझा हात धरून ठेवला होता. ज्ञानेश्वरी बरी आहे का विचारलं. मला वाटलं होतं बुद्धिबळाचं काही काढील, काढलं असतं तर मी काहीतरी गोड बोलून टाकलं असतं. त्यानं काढलं नाही आणि मीही नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. तेव्हा गोजरबाई वहिनींनी कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. "यातल्या निम्म्या पानांवर तुमचंच नाव हाय, भाऊजी. तुम्हीच ठेवा." मी तो घरी आणून पलंगाखाली सरकवला. उघडायचं धाडस होईना.

दिवाळीत ज्ञानेश्वरी आली. पाडव्याची दुपार, जेवून सगळे लवंडलेले, आणि ती लॅपटॉप घेऊन ओसरीत बसलेली. मी वही घेऊन तिच्याजवळ गेलो. का गेलो, नीट सांगता येत नाही. सांडूची आठवण येत होती आणि त्याच्या आठवणीजवळ जायला दुसरी वाट मला माहीत नव्हती. म्हणालो, "ती चाल परत एकदा दाखव गं."

तिनं जुनं जपून ठेवलेलं उघडलं. पडद्यावर पट आला. काळा हत्ती, त्याच्यावर लाल खूण. मी बघितलं आणि म्हणालो, "ज्ञाना, हत्ती चुकून पुढं सरकलाय. एक घर मागं घे."

"नाही बाबा, बरोबर आहे. ड चार." तिनं वहीच्या पानावर बोट ठेवलं. "हे बघा ना, चार लिहिलंय."

तिचं बोट ५ वर होतं.

तिला मी बालवाडीपासून इंग्रजी शाळेत घातलं होतं. ते मी बसमध्ये किती मिरवलं असेल, विचारू नका. मराठी तिला बोलता येतं, वाचताही येतं, पण मराठी आकडे तिनं कधी रोजचे वापरलेच नाहीत. सांडूचा पाच वरून उघडा, शेपूट सरळ खाली. तिच्या डोळ्यांना तो इंग्रजी चार. मी तो आकडा हजार पानांवर वाचला होता. फोटो पाठवण्याआधी तिला फोनवर नुसतं "हत्ती पाचव्या घरात" म्हणालो असतो तरी भागलं असतं.

"ते पाच आहे, बाळा," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. तिनं हत्ती एक घर मागे घेतला. आधी पट्टी सांडूच्या विरुद्धच गेली. संगणकालाही पहिल्या नजरेला हत्ती मेलेलाच दिसला. मग तो मोजत राहिला. आकडे बदलत राहिले, पट्टी थांबत थांबत काळ्याकडे सरकायला लागली आणि बघता बघता पूर्ण काळ्याची झाली. हत्तीवर हिरवी खूण आली. खाली लिहून आलं, सर्वोत्तम चाल.

म्हणजे ग्रँडमास्टरला खुर्चीत बसून जे दिसलं होतं, तेच मशीनला दिसलं. दोघांत वाद नव्हताच. वाद आम्ही घातला आणि त्यात चुकीचं घर मीच मांडायला लावलं. ज्ञानेश्वरी रडायला लागली. म्हणाली, मी एकदा फोन करून विचारायला हवं होतं. मी तिला म्हटलं, तू सांगू नका म्हणाली होतीस. तेवढं जरी मी ऐकलं असतं तरी चाललं असतं.

भाऊबीज झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. अंगणवाडीतलं काम आटपून त्या नुकत्याच आल्या होत्या. हातातली पिशवी खाली ठेवून "जय भीम भाऊजी, बसा" म्हणाल्या आणि चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. बसमधलं वाचून दाखवणं, सांडूचा प्रश्न, माझं उत्तर, आकडा, हिरवी खूण. स्वतःला कुठेही वाचवलं नाही. त्या शेगडीकडे तोंड करून ऐकत होत्या. माझं बोलणं झाल्यावर पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं.

"म्हंजी चाल बरोबर व्हती त्यांची?"

"व्हय वहिनी. सगळ्यात बरोबर."

"साहेब खरं बोलले व्हते?"

"व्हय."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मला म्हणले व्हते, साहेबांनी दया केली माझी. कामगार बघून गोड बोलले. आन् मी येडा पंचवीस वर्सं ती दया छातीला लावून हिंडलो." चहा उतू गेला, त्यांनी गॅस बंद केला. "घाटीत होते तवर तेच डोक्यात. मी म्हणलं, अहो, एवढं लागलंय तर मुंजाबाभाऊजींना सांगा ना, परत एकदा नीट मांडून बघा म्हणावं. माणसाच्या हातनं चूक व्हती. येतील की ते धावत."

"मग?" मी विचारलं.

"नको म्हणले." वहिनी माझ्याकडे वळल्या. "म्हणले, मुंजाबा लई वर्सांनी जिंकलाय गं. ऱ्हाऊ दे त्याला."